आईबापांच्या हाती उपचार : पालक-प्रशिक्षणाच्या पद्धतीचा ऐतिहासिक आढावा

१. प्रास्ताविक

मूल हट्टी झाले, मारकुटे झाले, रात्र रात्र आकांत करू लागले, म्हणजे दोष कोणाचा हा प्रश्न फार जुना आहे. आणि त्याचे उत्तरही बहुतेक ठिकाणी ठरलेलेच असते. आईने लाडावून ठेवले, बापाने धाक ठेवला नाही, घरात वळण नाही, असा निवाडा शेजारीपाजारी व नातेवाईक करीत आले आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्राला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली, तेव्हा या निवाड्याची परिभाषा तेवढी बदलली. निवाडा तोच राहिला. शतकाच्या उत्तरार्धात मात्र अमेरिकेतील काही थोड्या संशोधकांनी दोषाचा प्रश्न बाजूला ठेवून निराळाच प्रश्न विचारला : मुलाचे वर्तन ज्या घरात नित्य घडते, त्या घरातील माणसांनाच ते पालटण्याची रीत शिकविता येईल काय? या प्रश्नातून जी उपचारपद्धती वाढीस लागली, तिला पालक-प्रशिक्षण असे म्हणतात. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या आईला उपचारकाचे आसन कसे मिळाले, हा या इतिहासाचा पूर्वार्ध होय. त्या आसनाबरोबर तिच्यावर केवढा भार पडतो हे पुढे कसे ध्यानात आले, हा त्याचा उत्तरार्ध होय.

२. पूर्वपीठिका

पालकाच्या हातून मुलावर उपचार करविण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण मनोविश्लेषणाच्या इतिहासात सापडते. व्हिएन्ना येथील एका पाच वर्षांच्या मुलाला घोड्यांची विलक्षण भीती वाटू लागली. सिग्मंड फ्रॉइड यांनी त्याची हकीकत १९०९ साली प्रसिद्ध केली व मुलाला ‘हान्स’ हे नाव दिले. त्याच्यावरील उपचाराचे काम फ्रॉइड यांनी स्वतः केले नाही. मुलाशी बोलणे, त्याची उत्तरे टिपून ठेवणे, त्याला अर्थ सांगणे, हे सारे त्याचा पिता फ्रॉइड यांच्या सल्ल्याने करीत असे. उपचाराच्या काळात फ्रॉइड यांची व मुलाची भेट एकदाच झाली. तथापि या प्रयोगापासून परंपरा निर्माण झाली नाही. पित्याला हे काम साधले ते तो स्वतः मनोविश्लेषणाचा अभ्यासक होता म्हणून, असाच त्याचा अर्थ लावला गेला. सर्वसामान्य आईबापांना ही विद्या शिकविता येईल, असे त्या काळी कोणाला वाटले नाही.

यानंतरच्या काळात दोन प्रवाह प्रबळ झाले. पहिला प्रवाह उपदेशाचा. वर्तनवादाचे प्रवर्तक जॉन वॉटसन यांनी रोझाली रेनर-वॉटसन यांच्या साहाय्याने १९२८ साली बालसंगोपनावर एक पुस्तक लिहिले. मातृप्रेमाच्या अतिरेकाचे धोके सांगणारे एक स्वतंत्र प्रकरणच त्यात आहे. मुलाला फार कुरवाळू नये, त्याच्याशी लहान वयाच्या प्रौढाप्रमाणे वागावे, अशी त्यांची शिकवण होती. या उपदेशामागे पद्धतशीर निरीक्षणाचा आधार फार थोडा होता. आईने काय करावे हे त्यात ठासून सांगितले होते. तिला ते करता येते काय आणि केल्याने काय घडते, हे पाहण्यासाठी कोणी तिच्या घरी गेले नव्हते.

दुसरा प्रवाह बालमार्गदर्शन केंद्रांचा. अमेरिकेत १९२० नंतर ही केंद्रे झपाट्याने वाढली. मनोरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता अशी त्रयी तेथे काम करी. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालयाने याच धर्तीवर आपले केंद्र १९३७ साली सुरू केले. या केंद्रांत पालकाला स्थान होते, परंतु ते दुय्यम होते. एका खोलीत तज्ज्ञ मुलाशी खेळे व बोले. दुसऱ्या खोलीत समाजकार्यकर्ती आईची हकीकत ऐके. आईच्या मनातील सुप्त वैर, तिची अतिकाळजी किंवा तिचा नकार हे मुलाच्या दुखण्याचे मूळ मानले जाई. याची परमावधी स्वमग्न मुलांच्या बाबतीत झाली. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या विकाराचे पहिले विस्तृत वर्णन केले व पुढे १९४९ मध्ये अशा मुलांच्या आईबापांच्या भावशून्यतेवर भर दिला. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात हाच आरोप अधिक तीव्र केला. तत्पूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड यांनी या मताचे साधार खंडन केले होते. १९६९ मध्ये स्वतः कॅनर यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. मधल्या वीस वर्षांत किती आयांनी हा कलंक निमूटपणे सोसला असेल, याची मोजदाद कोठेही झालेली नाही.

३. प्रयोगशाळेतून घराकडे

पालक-प्रशिक्षणाचा उगम या दोन्ही प्रवाहांच्या बाहेर झाला. बी. एफ. स्किनर यांनी साधक अभिसंधानाचे नियम उंदरांवर व कबुतरांवर प्रयोग करून मांडले होते. ज्या कृतीपाठोपाठ इष्ट फल मिळते ती कृती वाढते, याला प्रबलन म्हणतात. फल मिळेनासे झाले की कृती हळूहळू मावळते, याला विलोपन म्हणतात. हे नियम मुलांच्या नित्याच्या वर्तनाला लागू पडतात काय, हे पाहण्याचे मोठे कार्य सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालविकास संस्थेत झाले. स्किनर यांचे इंडियाना विद्यापीठातील सहकारी सिडनी बिजू हे १९४८ साली या संस्थेत आले होते.

या विषयातील एक आरंभीचा लेख कार्ल विल्यम्स यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. तो अत्यंत लहान आहे. सुमारे एकवीस महिन्यांचा एक मुलगा पहिल्या दीड वर्षात पुष्कळ आजारी होता. आजारपणात त्याच्या उशाशी बसण्याची घरच्यांना सवय लागली होती. प्रकृती सुधारल्यावरही तो झोपी जाईपर्यंत कोणी तरी खोलीत बसावे लागे; बसणारा उठला की तो आकांत करी. यात रोज अर्ध्यापासून दोन तासांपर्यंत वेळ जाई. मुलाच्या प्रकृतीला धोका नाही याची खात्री करून घेतल्यावर त्याला प्रेमाने निजवावे, खोलीचे दार लावून निघून यावे आणि परत जाऊ नये, असे ठरले. पहिल्या रात्री तो पंचेचाळीस मिनिटे रडला. दहाव्या वेळी तो रडेनासा झाला. उलट घरचे माणूस खोलीबाहेर जाताना तो हसला. सुमारे आठवड्याने मावशीने त्याला निजविले, तेव्हा तो पुन्हा रडला आणि ती परत खोलीत गेली. तेवढ्याने जुनी सवय पूर्ववत झाली व सारा क्रम नव्याने करावा लागला. त्यानंतर दोन वर्षांत असा त्रागा पुन्हा झाला नाही.

या लेखातील मावशीचा प्रसंग फार बोधप्रद आहे. तिचे मन कोमल होते, यात तिचा दोष नव्हता. परंतु तिच्या त्या एका कृतीने मूल काय शिकले हे रडण्याच्या मिनिटांत मोजता आले. माणसाच्या हेतूचा न्याय न करता त्याच्या कृतीचा परिणाम पाहावा, ही दृष्टी येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. दार बंद करून मुलाला रडू देणे आज अनेकांना कठोर वाटते, आणि पुढील अभ्यासकांनीही याहून सौम्य पर्याय शोधले. तथापि लेखाचे महत्त्व त्यातील दृष्टीत आहे.

यापुढील महत्त्वाचा टप्पा १९६४ सालचा. माँट्रोझ वुल्फ, टॉड रिस्ली व हेडन मीस यांच्याकडे साडेतीन वर्षांचा एक स्वमग्न मुलगा आला. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतील भिंगे काढलेली होती. त्याने चष्मा लावला नाही तर दृष्टी कायमची जाण्याचे भय होते, आणि तो चष्मा लावू देत नव्हता. तो स्वतःला इजा करून घेई व रात्री झोपत नसे. रुग्णालयातील सेवकांच्या हस्ते त्याला टप्प्याटप्प्याने चष्म्याची सवय लावण्यात आली. प्रथम चष्म्याची नुसती चौकट हाताळली तरी खाऊ, मग ती डोळ्यांजवळ नेली तर खाऊ, असा तो क्रम होता. त्राग्याच्या वेळी त्याला काही काळ खोलीत एकटे ठेवीत. मूल रुग्णालयात सुधारते आणि घरी गेले की पुन्हा बिघडते, हा त्या काळचा नित्याचा अनुभव होता. म्हणून त्याच्या आईबापांना भेटीच्या वेळी सेवकाच्या देखरेखीखाली हीच रीत शिकविण्यात आली, आणि मग मूल क्रमाक्रमाने घरी पाठविण्यात आले. घरी जाऊन सहा महिने झाल्यावरही तो चष्मा लावीत होता, रात्री झोपत होता व त्याचा त्रागा थांबला होता. पालकांना शिकविल्यावाचून उपचार पुरा होत नाही, हे या एका मुलाच्या दृष्टीच्या निमित्ताने सिद्ध झाले.

यानंतर दोनच वर्षांत आई हीच मुख्य उपचारक झाली. १९६५ साली रॉबर्ट वॅलर व त्यांचे सहकारी यांनी चार ते सहा वर्षांच्या तीन मुलांच्या आयांना प्रयोगशाळेतील खेळघरात बसवून शिकविले. मुलाला केव्हा प्रतिसाद द्यावयाचा याची सूचना आईला दिव्याच्या संकेताने मिळे. १९६६ मध्ये रॉबर्ट हॉकिन्स, बिजू व इतर दोघे यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले व प्रयोग थेट घरात नेला. मूल चार वर्षांचे होते. ते आईला आवरत नव्हते. त्याच्या नऊ प्रकारच्या आक्षेपार्ह कृतींची यादी करून त्या मोजण्यात आल्या. संशोधक घरात बसत व आईला तीनपैकी एक खूण करीत : मुलाला थांबण्यास सांग, त्याला खोलीत एकटे ठेव, अथवा त्याचे कौतुक कर. थोड्याच बैठकांत मुलाचे वर्तन सुधारले. मग पडताळ्यासाठी आईला पूर्वीप्रमाणे वागण्यास सांगण्यात आले, तेव्हा ते तिला जड गेले. ती नवी रीत तिच्या अंगवळणी पडली होती. चोवीस दिवसांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हाही सुधारणा टिकून होती.

४. ऑरेगॉनचे कार्य : परस्परांना घडविणारे घर

आतापर्यंतचे प्रयोग एकेका मुलापुरते होते. मुलाचे दुर्वर्तन घरात मुळात निर्माण कसे होते, याचा व्यापक अभ्यास ऑरेगॉन राज्यातील यूजीन येथे जेरल्ड पॅटरसन (१९२६–२०१६) यांनी केला. त्यांचे निरीक्षक संध्याकाळच्या जेवणाच्या सुमारास घरोघरी जात. सर्व माणसांनी दोन खोल्यांच्या आत राहावे, दूरचित्रवाणी लावू नये, एवढेच नियम असत. घरातील प्रत्येक कृती एकोणतीस वर्गांपैकी एका वर्गात घालून दर सहा सेकंदांनी नोंदविली जाई. हे काम कंटाळवाणे होते. पण या नोंदींतून जे चित्र उमटले ते कोणत्याही मुलाखतीतून हाती आले नसते.

त्या चित्राचे स्वरूप साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आई मुलाला खेळणी आवरण्यास सांगते. मूल कुरकुर करते. आई आवाज चढविते. मूल किंचाळू लागते. आई थकून म्हणते, ‘असो, मीच आवरते.’ किंचाळणे तत्काळ थांबते. येथे मुलाला एक लाभ झाला : नकोसे काम टळले. आईलाही एक लाभ झाला : नकोसा कोलाहल थांबला. दोघांनाही आपापल्या कृतीचे फळ मिळाले, म्हणून उद्या दोघेही तसेच वागतील. मूल अधिक लवकर किंचाळेल व आई अधिक लवकर माघार घेईल. एखाद्या दिवशी तिने माघार न घेता फटका मारला आणि मूल गप्प झाले, तर मारणेही तिच्या अंगी मुरेल. त्रासदायक गोष्ट थांबल्यामुळे दृढ होणाऱ्या या सवयीला ऋण प्रबलन म्हणतात. पॅटरसन यांनी या साखळीला बलप्रयोगाची प्रक्रिया असे नाव दिले व १९८२ साली तिचे समग्र विवेचन ग्रंथरूपाने मांडले.

या उपपत्तीचे नैतिक महत्त्व तिच्या शास्त्रीय महत्त्वाहून कमी नाही. आई मुलाला घडविते हे सर्वांना ठाऊक होते; मूलही आईला घडविते, हे येथे आकड्यांनी दाखविले गेले. घरातील वैतागाचा सर्वाधिक मारा आईवर होतो, हेही त्या नोंदींतून निष्पन्न झाले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका प्रबंधिकेच्या शीर्षकातच पॅटरसन यांनी मातांना दखल न घेतल्या गेलेल्या बळी म्हटले आहे. पन्नास वर्षे जिला मूळ कारण मानले, तीच जखमी असल्याचे मोजणीने दिसून आले.

उपचाराची रीत या निदानातूनच निघाली. मुलाच्या एकदोन कृती निवडून त्या रोज मोजाव्यात. चांगल्या वर्तनाची तत्काळ व स्पष्ट दखल घ्यावी. आज्ञा थोडक्या व निःसंदिग्ध असाव्यात. आज्ञाभंग झाल्यास मारझोड वा लांबलचक बोलणी टाळून मुलाला काही मिनिटे बाजूला बसवावे, आणि जे बोललो ते पाळावे. पॅटरसन व एलिझाबेथ गलियन यांनी १९६८ साली ही रीत एका छोट्या पुस्तकात सांगितली. गाळलेल्या जागा वाचकाने भरीत पुढे जावे, अशी त्याची रचना होती. आईबापांना शास्त्राचा विद्यार्थी मानून लिहिलेले हे पुस्तक वॉटसन यांच्या उपदेशाच्या नेमके उलट टोकाला उभे आहे.

५. खेळातून शिक्षण आणि वर्गातून प्रसार

त्याच राज्यातील पोर्टलंड येथे वैद्यकीय विद्यालयात कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी १९६० नंतरच्या दशकात याच पद्धतीला निराळे वळण दिले. त्यांचे प्रशिक्षण दोन भागांचे होते. पहिल्या भागात खेळाची सूत्रे मुलाच्या हाती असत : आईने आज्ञा करावयाची नाही, प्रश्न विचारावयाचे नाहीत, टीका करावयाची नाही, मूल करील त्यात सामील व्हावयाचे व त्याची प्रशंसा करावयाची. दुसऱ्या भागात सूत्रे आईच्या हाती येत व ती स्पष्ट आज्ञा देण्यास व पाळवून घेण्यास शिके. एकतर्फी काचेआडून शिक्षिका तिला कानातील यंत्राद्वारे हलकेच सूचना देई. शिस्तीच्या आधी स्नेह, हा हा क्रम होता, आणि तो पुढे फार फलद्रूप ठरला. हॅन्फ यांनी स्वतः फारसे लेखन प्रसिद्ध केले नाही. त्यांची पद्धती रेक्स फोरहँड, शीला आयबर्ग इत्यादी उत्तराधिकाऱ्यांच्या कार्यातून जगापुढे आली.

सिॲटल येथे कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांनी १९८० पासून प्रसाराचा प्रश्न हाती घेतला. एकेका आईला शिकविण्यास लागणारा तज्ज्ञांचा वेळ कोणत्याही देशाला परवडण्याजोगा नव्हता. त्यांनी आईबाप व मुले यांच्यातील लहान लहान प्रसंगांच्या चित्रफिती तयार केल्या. आईबापांचा गट बसवून त्या दाखवावयाच्या आणि त्यांवर चर्चा घडवून आणावयाची, अशी ही पद्धती होती. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत असा गट व व्यक्तिगत उपचार जवळजवळ सारखेच परिणामकारक ठरले. तज्ज्ञांचा वेळ मात्र गटात कितीतरी कमी लागला.

६. एकाकी आईचा प्रश्न

येथवरचा इतिहास यशाचा आहे. परंतु काही घरांत ही सुधारणा टिकत नव्हती, आणि ही घरे बहुधा दरिद्री होती. १९६५ च्या प्रयोगाचे प्रमुख रॉबर्ट वॅलर यांनीच १९८० साली या अपयशाचा शोध घेतला. प्रशिक्षण चालू असेपर्यंत या आया उत्तम वागत. ते संपले की काही महिन्यांत सारे पूर्वपदावर येई. त्यांच्या दिवसाची नोंद केल्यावर असे दिसले की, ज्या दिवशी आईची मैत्रिणींशी गाठभेट होई त्या दिवशी तिचे मुलाशी वागणे सौम्य असे. पण अशा भेटी फार थोड्या होत. त्यांच्याशी संपर्क असे तो मुख्यतः नातेवाईकांचा व सरकारी साहाय्य देणाऱ्या कार्यालयांचा, आणि त्यांच्याकडून त्यांना बोलणीच ऐकावी लागत. वॅलर यांनी त्यांना बेटाप्रमाणे तुटलेल्या माता म्हटले.

या शोधाने पालक-प्रशिक्षणाला त्याची मर्यादा दाखवून दिली. मुलाला प्रशंसेची गरज असते हे जिला शिकविले, त्या आईची प्रशंसा करणारे कोणी नसेल तर तिची नवी रीत टिकणार कशी? प्रबलनाचा नियम मुलाला लागू होतो, तसा तो आईलाही लागू होतो. शास्त्राच्या हे ध्यानी यावयास पंधरा वर्षे लागली. १९८५ साली पॅटरसन व मॅरियन फोरगॅच यांनी उपचारकाच्या वागण्याकडेही हीच मोजपट्टी वळविली. उपचारक जेव्हा शिकवू लागे किंवा चूक दाखवू लागे, तेव्हाच पालकाचा विरोध वाढे, असे त्यांना आढळले. यानंतर आईचे मित्रमंडळ, पतिपत्नींतील कलह, तिची खिन्नता यांचा विचार उपचारात होऊ लागला. गटात शिकण्याचे एक अधिक मोलाचे कारणही आता स्पष्ट झाले : त्या वर्गात आईला दुसऱ्या आया भेटतात.

७. प्रसार व परीक्षण

१९९८ साली एलिझाबेथ ब्रेस्टन व शीला आयबर्ग यांनी एकोणतीस वर्षांतील ८२ अभ्यासांचे परीक्षण केले. त्यांत मिळून ५,२७२ मुलांचा समावेश होता. मुलांच्या उद्दंड वर्तनावरील अनेक उपचारांपैकी पूर्णतः सिद्ध म्हणता येतील असे दोनच ठरले : एक पॅटरसन–गलियन यांच्या पुस्तकावर आधारलेला व दुसरा वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या चित्रफितींचा. दोन्ही पालक-प्रशिक्षणाचेच प्रकार होत. १९९९ पासून नॉर्वेने ऑरेगॉनची पद्धती राष्ट्रीय पातळीवर स्वीकारली. ऑस्ट्रेलियात मॅथ्यू सँडर्स यांनी क्वीन्सलंड विद्यापीठात पाच पातळ्यांची योजना आखली. तिचा एक मोठा प्रयोग अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याच्या अठरा काउंट्यांत झाला व २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या योजनेच्या मूल्यमापनात योजनाकारांचाच हात फार आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्या शास्त्राचा जन्म मोजणीतून झाला, त्याने मोजणाऱ्याच्या तटस्थतेविषयी दक्ष राहणे प्राप्तच आहे.

भारतातील एका प्रयोगाचा येथे निर्देश केला पाहिजे. त्याचा विषय उद्दंड वर्तन नव्हता. स्वमग्न मुलांचा संवाद वाढविणे हा होता. परंतु पालकाच्या हातून उपचार हे त्याचे तत्त्व याच परंपरेशी जुळते. ब्रिटनमध्ये सिद्ध झालेली एक पद्धती गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे स्थानिक भाषांत व परिस्थितीत बसविण्यात आली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले तीत होती. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित सामान्य आरोग्यसेविका घरी जात व आईमुलाच्या खेळाची चित्रफीत आईबरोबर पाहून तिच्याशी बोलत. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पालकांचा प्रतिसाद मुलांशी अधिक जुळू लागला व मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. ज्या विकारासाठी एके काळी आईला दोषी ठरविले गेले, त्याच विकारात ती येथे मुलाची शिक्षिका झालेली दिसते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पालक-प्रशिक्षणाविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

८. उपसंहार

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, दोष कोणाचा हा प्रश्न सोडून दिल्यावरच या विषयात प्रगती झाली. दुसरी अशी की, ही प्रगती नव्या उपदेशाने झाली नाही. घरात बसून, धीराने व पूर्वग्रह न ठेवता मोजण्याने झाली. तिसरी गोष्ट अधिक सावधगिरीची आहे. पालकाला उपचारक म्हणणे हा त्याचा गौरव खरा, पण त्याच्या हाती उपचार सोपवून समाज आपली जबाबदारी झटकू लागला, तर जुना आरोपच नव्या रूपाने परत येईल. मूल सुधारले नाही, कारण आईने नीट शिकून घेतले नाही, असे म्हणणे फार सोपे आहे. वॅलर यांच्या एकाकी मातांनी या म्हणण्याला उत्तर देऊन ठेवले आहे : ज्या घरी मुलाचे वर्तन पालटावयाचे, त्या घरच्या आईला विसाव्याचे व स्नेहाचे चार क्षण मिळतात की नाही, हेही उपचार करणाऱ्याने मोजले पाहिजे.